शलाकेचा नेम आणि समतोल समिती

एका जंगलात सगळे प्राणी एकमेकांना ठार मारत असत. घाबरू नका मुलांनो. ते फक्त संध्याकाळी चार ते सहा या वेळात मारत, आणि तेही मोबाईलवर.

त्या खेळाचं नाव होतं 'रणधुमाळी'. जंगलात नेटवर्क एकाच ठिकाणी यायचं, टेकडीवरच्या उंबराखाली. म्हणून हरणं, ससे, खारी, रानडुकरं अशी सगळी मंडळी तिथे एकमेकांना खेटून बसत आणि माना खाली घालून शेजारी बसलेल्याला पडद्यावर ठार करत. ठार झालेल्याने दहापर्यंत आकडे मोजायचे आणि पुन्हा जिवंत व्हायचं, असा नियम होता. ज्यांना आकडे येत नसत ते बराच वेळ मेलेले राहत.

त्या दाटीत दोन हातांची एक जागा मोकळी असायची. तिच्या मधोमध शलाका बसायची. शलाका साळिंदर होती. तिच्या काट्यांनी आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता. पण काटेवाल्यांची कीर्ती त्यांच्या आधी चालत जाते, त्याला कोण काय करणार? शिवाय ती बोलायचीही कमी. "काय गं, बरी आहेस ना?" असं कुणी विचारलं, तर ती उत्तर जुळवेपर्यंत विचारणारा दोन झाडं पुढे गेलेला असायचा.

पडद्यावर मात्र तिला काटे नव्हते. तिथे तिची तिघांची टोळी होती. एक ती, दुसरा झुपका नावाचा ससा आणि तिसरे कूर्माजी नावाचे वयस्क कासव. झुपका पळायचा, कूर्माजी ढाल धरायचे आणि शलाका मागून धनुष्य चालवायची.

"ताई, आलीस का? तुझ्यासाठी थांबलोय," असं झुपका रोज चार वाजता म्हणायचा. दिवसभरात तिच्याशी कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य असायचं. बऱ्याचदा शेवटचंही. त्या एका वाक्यासाठी ती दुपारची झोप टाकून सराव करायची. वारा असला की बाण किती ढळतो, धावणाऱ्याच्या पुढे किती बोटं नेम धरायचा, उतारावर किती, चढावर किती, हे सगळं तिने वर्षभर घोकलं होतं. एका संध्याकाळी ती तीस बळी घ्यायची.

आता या तिसांपैकी वीस तरी रानडुकरं असायची. त्याचं कारण ऐका.

रानडुकरांचा म्होरक्या होता दंतोबा. तो आणि त्याचा कळप गदा वापरायचा. गदेने मारायचं तर जवळ जावं लागतं. जवळ जायचं तर मधला माळ ओलांडावा लागतो. त्या माळावर लपण्यासाठी जागोजाग मोठाले दगड ठेवलेले होते. पण दंतोबा दगडाआड जायचा नाही. मान खाली, शेपूट वर आणि नाकासमोर सरळ! रोज त्याच वाटेने. त्याच्या मागे सगळा कळप, एका ओळीत. शलाकेला कधीकधी वाटायचं की आपण त्यांना मारत नाही, नुसती मोजणी करतोय.

"अहो दंतोबा, जरा दगडाच्या आडोशाने जावं माणसाने," असं एकदा कूर्माजी म्हणाले. ते कासव असूनही माणसाने म्हणाले, कारण म्हणायची पद्धत तशी आहे.

"आडोशाने? आम्ही काय सशाची अवलाद आहोत?" दंतोबा गुरगुरला. "ही आमची वाट आहे. आमच्या आजोबांपासूनची."

खेळ सुरू होऊन तेव्हा तेरा महिने झाले होते.

दंतोबाने मग सरळ समतोल समितीकडे तक्रार केली.

मुलांनो, प्रत्येक शहाण्या जंगलात एक समतोल समिती असते. कुठलंही शस्त्र फार जोरदार होऊ नये आणि कुठलंही फार दुबळं राहू नये, हे ती पाहते. या समितीचा अध्यक्ष होता धवलपंत नावाचा बगळा. तो तासन् तास एका पायावर उभा राहू शकतो, तेव्हा समतोलाबद्दल त्याच्याइतकं कुणाला कळणार, असा विचार करून त्याला नेमलं होतं. तो स्वतः रणधुमाळी खेळायचा नाही. खेळल्याने मन कलुषित होतं, असं त्याचं मत होतं.

"धनुष्य म्हणजे भेकडांचं हत्यार आहे," दंतोबा समितीपुढे ओरडला. "लांबून मारतात! आम्हाला जवळ येऊ न देता मारतात!"

"किती तक्रारी आहेत?" धवलपंतांनी डोळे न उघडता विचारलं.

"कळपात पन्नास जण आहेत. प्रत्येकाच्या चाळीस आणल्यात."

"दोन हजार. म्हणजे विषय गंभीर आहे."

समितीत चिमा नावाची चिचुंद्री मोजदाद ठेवायला होती. तिने पाटी पुढे केली. जंगलात धनुष्य वापरणारे चारशे जण होते. त्यातले तीनशे नव्याण्णव, म्हणजे हरणं, खारी, मोर वगैरे, संध्याकाळभरात जेमतेम एकेक बळी घेत. चारशेवी शलाका. पण पाटीवर नावं लिहायची पद्धत नव्हती. पाटीवर फक्त सरासरी होती: धनुष्यवाल्यामागे एकाहून थोडे जास्त बळी. गदेवाल्यामागे एकाहून थोडे कमी.

"तफावत आहे," धवलपंत म्हणाले. "धनुष्याचा पल्ला शंभर हातांवरून साठ हात करा."

झालं. पल्ला साठ हात झाला.

हरणं आधीच घाबरट. साठ हातांवरून बाण मारायचा म्हणजे रानडुक्कर पुरतं दिसेपर्यंत थांबायचं. कोण थांबतंय! बहुतेकांनी धनुष्य खाली ठेवलं. चारशेतले चाळीस उरले. त्यातल्या एकोणचाळीस जणांना पूर्वीसारखाच एकेक बळी मिळे. शलाकेने मात्र पुन्हा दुपारची झोप टाकली, पुन्हा बोटं मोजली आणि नवा पल्ला शिकून घेतला. तिचे बळी तीसवरून पंचविसावर आले.

चिमाने पाटी पुढे केली. धनुष्याची सरासरी दीडाच्या वर गेली होती.

"अरे बापरे!" धवलपंतांचा एक डोळा उघडला. "पल्ला कमी केला तर हे हत्यार आणखी चेकाळलं!"

"मी सांगत नव्हतो?" दंतोबा म्हणाला. "दुष्ट हत्यार आहे ते."

चिमाला खरं काय ते दिसत होतं. पण तिचं काम पाटी पुढे करण्याचं होतं. विचारल्याशिवाय बोलणं तिच्या कामात बसत नव्हतं आणि तिला कुणी विचारत नव्हतं.

समितीने दुसरी सुधारणा केली. आता बाण सोडण्याआधी पाच आकडे मोजेपर्यंत दोरी ताणून धरायची. आकडे न येणारे धनुर्धारी त्याच दिवशी गेले. आकडे येणाऱ्यांपैकी बरेचसे तीन म्हणेपर्यंत गदेखाली आले. उरले पाच. चौघांना एकेक बळी आणि शलाकेला एकवीस.

सरासरी पाच झाली. तुम्ही वहीत करून पाहा, बरोबर येते. समितीतल्या कुणी करून पाहिली नाही.

"हे तर फोफावतच चाललंय!" धवलपंतांनी दोन्ही डोळे उघडले. दरम्यान एक मासा सुटून गेला, इतका मामला गंभीर होता.

तिसरी सुधारणा दंतोबाने स्वतः सुचवली. "बाण येतोय हे आम्हाला आधी कळायला पाहिजे. न सांगता येणं ही काय रीत झाली? पाहुणासुद्धा आधी कळवून येतो."

म्हणून प्रत्येक बाणाला घुंगरू बांधण्यात आलं. धनुष्य उचललं की छुम, ताणलं की छुम छुम, आणि सोडलं की माळभर लग्नाची वरात निघाल्यासारखा आवाज. ते चौघे लाजेने खेळ सोडून गेले.

शलाका उरली. घुंगरू वाजलं की रानडुकरं जास्तच चेव येऊन सरळ धावतात, असं तिच्या लक्षात आलं. तिला अठरा बळी मिळाले. वर्षभरातला तिचा तो सगळ्यात वाईट आकडा होता.

धनुष्याची सरासरी अठरा झाली. जंगलाच्या इतिहासातली सर्वात मोठी.

पण शलाकेला सरासरीचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या दिवशी चार वाजून गेले तरी झुपक्याचं नेहमीचं वाक्य आलं नाही. तिने पडदा पाहिला. झुपका आणि कूर्माजी माळावर कधीच उतरले होते. त्यांच्याबरोबर तिसरा होता एक गदाधारी साळिंदर, तिचाच लांबचा चुलतभाऊ.

"झुपक्या, मी आलेय," तिने लिहिलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "ताई, राग मानू नकोस हं. पण तुझे बाण वाजतात गं. तू टोळीत असलीस की आम्ही कुठे आहोत ते सगळ्या जंगलाला कळतं. काल माझा चौदा वेळा चेंदा झाला. मला चौदापर्यंत मोजता येतं ते कालच कळलं."

"मग मी काय करू?"

"तू गदा घे ना."

शलाकेने गदा घेऊन पाहिली. गदेसाठी अंगावर धावून जावं लागतं. ती जन्मभर एवढंच शिकली होती की कुणाच्या अंगाजवळ जायचं नाही, आपले काटे लागतील. पडद्यावर काटे नव्हते, पण पाय अडायचे ते अडलेच. ती माळावर उभी राहिली आणि दंतोबाने तिला चपटं केलं. "ए काटे! आता कसं वाटतंय?" असं तो वर विचारत होता. शेजारच्या ढोलीतल्या खारीसुद्धा हसल्या.

त्या संध्याकाळी सगळे खेटून बसले होते आणि ती दोन हातांच्या मोकळ्या जागेत मोबाईल पालथा ठेवून बसली होती. पुन्हा टोळीत जायचं तर धनुष्य पूर्वीसारखं व्हायला हवं, आणि तसं व्हायचं तर समितीपुढे तोंड उघडायला हवं. हे तिला कळलं.

तिने तीन दिवस तयारी केली. पळसाच्या पानावर सगळं गणित नीट मांडलं. चारशे होते तेव्हाचं, चाळीस होते तेव्हाचं, पाच होते तेव्हाचं आणि एक उरली तेव्हाचं. खाडाखोड झाली म्हणून पान बदललं. चौथ्या दिवशी ती तळ्याकाठी गेली.

धवलपंत पाण्यात उभे होते. काठावर दंतोबा 'अनुभवी खेळाडूंचा प्रतिनिधी' म्हणून चिखलात लोळत होता.

"बोल," धवलपंत म्हणाले.

शलाकेने पान पुढे केलं. बोलायचं ठरवलेली पहिली तीन वाक्यं ती विसरली, म्हणून चौथ्यापासून सुरू केलं. "धनुष्य जोरदार नाहीये. माझे बळी तीसवरून अठरावर आले. तरी सरासरी एकवरून अठरावर गेली. कारण बाकीचे निघून गेले आणि मी एकटी उरले."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही धनुष्य मोजत नव्हता. मला मोजत होता."

एक बेडूक डरावणार होता, तो थांबला.

"चिमाबाई," धवलपंत म्हणाले, "हे खरं आहे का?"

"खरं आहे," चिमा म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग आधी का नाही बोललात?"

"विचारलंत कुठे?"

धवलपंतांनी पान दोनदा वाचलं. नंतर एकदा उलटं धरून वाचलं. "केवढा अन्याय झाला!" ते म्हणाले. "एका निष्पाप शस्त्रावर केवढा अन्याय! आजच्या आज त्याचा पल्ला शंभर हात करा. नाही, एकशेवीस करा, भरपाई म्हणून. घुंगरू काढा. आणि समितीच्या वतीने धनुष्याची जाहीर माफी मागा."

शलाकेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं नीट ऐकून घेतील असं तिला वाटलं नव्हतं.

"आणि दोष कुठे होता ते शोधून दिल्याबद्दल," धवलपंत तिच्याकडे वळले, "तुझेही आभार. आम्ही आजवर चुकीच्या जागी उपाय करत होतो. दंतोबा, आता तुमची तक्रार राहायची नाही. चिमाबाई, या मुलीचं नाव खेळातून काढा."

"माझं?" शलाका म्हणाली.

"हे तुझंच गणित आहे ना?" धवलपंतांनी पान तिच्यासमोर धरलं. "धनुष्यात दोष नाही, गदेत नाही, माळात नाही. समतोल तुझ्यामुळे बिघडतो. इतकं स्वच्छ गणित मी आयुष्यात पाहिलं नाही. तू गेलीस की सरासरी एकावर येते. तूच लिहिलंयस बघ, सुंदर अक्षरात."

"पण मी सराव केला म्हणून..."

"तेच म्हणतोय मी! तीनशे नव्याण्णव जणांनी नाही केला, त्यांचा काही त्रास झाला का?"

दंतोबा चिखलात इतका हसला की काठ खचला.

दुसऱ्या दिवशी धनुष्याची माफी मागण्यात आली. धनुष्याला हार घातला. तीनशे नव्याण्णव जण परत आले. झुपक्यानेही पळणं सोडून धनुष्य घेतलं. "ताई, तू आमच्यासाठी केवढं केलंस गं!" असं तो शलाकेला प्रत्यक्ष येऊन म्हणाला, दोन हात लांब उभा राहून. मग चार वाजले म्हणून घाईने गेला.

शलाका पंधरा दिवस उंबराकडे फिरकली नाही. सोळाव्या दिवशी तिने समितीकडे अर्ज केला. मला परत घ्या, म्हणाल त्या अटीवर.

समिती काही निर्दय नव्हती. तिने एकच अट घातली. "संध्याकाळी एक बळी. सर्वांना जेवढे मिळतात तेवढेच. बाकीचे बाण चुकले पाहिजेत. आणि मुद्दाम चुकवलेले वाटता कामा नयेत, त्याने इतरांचा अपमान होतो."

शलाकेने अट मान्य केली आणि पुन्हा दुपारची झोप टाकली.

मुलांनो, नेम धरणं सोपं असतं. नेम चुकवणं फार अवघड. हाताला सवय लागलेली असते, बाण आपोआप जाऊन लागतो. पहिल्या आठवड्यात तिने ढगाकडे बघून मारला तरी एक रानडुक्कर मेलं. पण ती चिकाटीची होती. महिनाभरात तिला जमलं. दंतोबा त्याच्या वाटेने धावत आला की ती बाण सोडायची आणि तो त्याच्या डाव्या कानापासून बरोब्बर एक बोट लांबून जायचा. पुढचा उजव्या कानापासून एक बोट. वारा असो, चढ असो, उतार असो. एक बोट म्हणजे एकच बोट. असे रोज एकोणतीस बाण. तसली तिरंदाजी त्या जंगलात कुणी कधी केली नव्हती आणि पुढेही कुणी करणार नव्हतं. ती कुणाच्याच ध्यानात आली नाही, इतकी ती उत्तम होती.

दंतोबाच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. "पाहिलंत का?" तो छाती काढून म्हणाला. "एकोणतीस बाण चुकवले मी! मान न वळवता! सरळ धावूनच बाण चुकतात, हे मी पहिल्यापासून सांगतोय."

समितीने त्याला 'बाण कसे चुकवावेत' या विषयाचा गुरुजी नेमलं. उंबराखाली रोज अर्धा तास वर्ग भरू लागला. हरणं, खारी, मोर असे सगळे ओळीत उभे राहून मान खाली घालायला आणि नाकासमोर पळायला शिकू लागले. माळावरचे दगड उगाच मध्ये येतात म्हणून काढून टाकण्यात आले.

शलाकेला टोळीत परत घेतलं होतं. आता तिच्यामुळे कुणाच्या तक्रारी येत नव्हत्या. उंबराखालची तिची मोकळी जागाही दोन हातांवरून दीड हातावर आली होती, असं चिमा सांगायची. पण तिला विचारलं तरच.

एका संध्याकाळी खेळ संपत आला तेव्हा झुपका हळूच तिच्याशी बोलला. "ताई, एक बोलू का? वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा नेम अगदीच गेलाय गं. दंतोबा गुरुजींनी खास नेमबाजीचा वर्ग काढलाय, नवशिक्यांसाठी. तू नाव घाल ना."

यावेळी उत्तर जुळवायला शलाकेला वेळ लागला नाही. पडद्यावर तिच्या बाणाला सगळा माळ मोकळा होता आणि दंतोबाच्या कळपाची ओळ अगदी सरळ होती.

तिने धनुष्य खाली ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "उद्यापासून येते. पहिल्या रांगेत जागा मिळेल का?"

तात्पर्य: मुलांनो, सराव करावा, खूप करावा, दुपारची झोप टाकून करावा. गुरुजींच्या कानाजवळून एक बोट अंतराने चुकता येऊ लागलं की विद्या पूर्ण झाली असं समजावं. आणि गणित बरोबर आलं तर पान घडी घालून खाऊन टाकावं. पळसाचं असलं तरी चालेल.